भिंगरीचं घर: एका घाबरट, चपळ कुत्रीच्या दत्तकाचं प्रकरण

माणसांची नावं बदलली आहेत, पत्ते मोघम ठेवले आहेत. कुत्रीचं नाव तेच आहे, तिची हरकत नसावी.

नाशकात आम्ही पाच जण रस्त्यावरची जखमी किंवा टाकून दिलेली कुत्री घरी सांभाळतो आणि बरी झाली की दत्तक देतो. संस्था वगैरे नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि प्रत्येकाच्या घरात एक जास्तीचं अंथरूण, एवढाच पसारा. बहुतेक दत्तकं सरळ पार पडतात. हे पडलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वॉचमननं आमच्यातल्या मीनलला फोन केला. मागच्या बाजूला लाकडी पॅलेटच्या थप्पीखाली एक कुत्री चार दिवस बसून आहे, भाकरी टाकली तर रात्री खाते, दिवसा हलत नाही. आम्ही गेलो तेव्हा पाऊस चालू होता. थप्पीखाली टॉर्च मारला तर दोन डोळे आणि एक थरथरणारा पंजा दिसला. बाहेर काढायला तीन तास लागले.

डॉक्टरांनी दात बघून वय आठ-नऊ महिने सांगितलं. वजन बारा किलो. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. गावठीच, पण कारवानीचा, म्हणजे त्या वेगवान शिकारी जातीचा, अंश नक्की. अंगावर गोचिडी इतक्या, की कानाच्या आत द्राक्षाच्या घडासारख्या लगडलेल्या. रक्तात गोचीडताप निघाला, त्याचा औषधांचा कोर्स पूर्ण केला. मग लसी, रेबीजची सुई, आणि तब्येत सावरल्यावर सप्टेंबरात नसबंदी. हा भाग सोपा होता. दवाखान्याचं बिल भरलं की संपतो.

ती माझ्या घरी राहिली. पहिले चार दिवस न्हाणीघरात, बादलीच्या मागं. पाचव्या दिवशी माझा म्हातारा बंड्या, नऊ वर्षांचा गावठी, दारात जाऊन आडवा पडला आणि घोरायला लागला. ती बाहेर आली, त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. माझ्याकडे बघितलंही नाही. हे मी त्या दिवशी नुसतं पाहिलं. त्याचा अर्थ कळायला डिसेंबर उजाडला.

तिसऱ्या आठवड्यात तिच्यात जीव आला आणि घराची वाट लागली. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये, मध्ये स्वतःभोवती चार गिरक्या. म्हणून भिंगरी.

अडचण नेमकी काय होती

कुत्र्याच्या पिल्लाचं जग ओळखून घेण्याचं वय फार लवकर संपतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते पुढं ओळखीचं वाटतं. त्या काळात जे आलंच नाही, ते मोठेपणी धोक्याचं वाटू शकतं. भिंगरीचे ते दिवस कुठं गेले, कोण जाणे. छत्री उघडली की ती पलंगाखाली. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. दाढीवाला पुरुष आला की पलंगाखाली, आणि तिथंच मुतायची.

नुसती घाबरट असती तर शांत घर शोधलं असतं. नुसती चपळ असती तर धावणारं घर. ज्यांना दमदार कुत्रं हवं असतं त्यांना ते पाहुण्यांत मिरवायलाही हवं असतं. ज्यांना बुजरं कुत्रं चालतं, त्यांच्या डोळ्यांसमोर मांडीवर बसणारं काहीतरी असतं. आणि ही मांडीवर बसत नव्हती, मांडीवरून उडी मारून पलीकडे जात होती.

गणपतीत तिची खरी परीक्षा झाली. नाशिक ढोल ऐकायला लोक लांबून येतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा सराव श्रावणापासूनच सुरू असतो. विसर्जनाच्या दिवशी तिनं न्हाणीघराच्या दाराची चौकट खालून वीतभर कुरतडली. हिरड्यांतून रक्त आलं तरी थांबेना. दिवाळीसाठी मग डॉक्टरांनी वेगळी गोळी ठरवून दिली. त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती इथं लिहून ठेवते: नुसती गुंगी आणणाऱ्या औषधानं अंग सुटतं, पण भीती आत तशीच राहते. त्यामुळे घरातली कुठलीतरी गोळी अर्धी करून कुत्र्याला देऊ नका. गोळी आणि तिची मात्रा डॉक्टरच ठरवतील.

दिवाळी कशीबशी पार पडली आणि आम्ही जाहिरात टाकली: ‘खेळकर, थोडी लाजाळू, मोकळी जागा असलेलं घर हवं.’ सोबत फोटो. तोंड उघडं, जीभ बाहेर, हसल्यासारखी. तो फोटो आज बघितला तर कान मागं चिकटलेले दिसतात, डोळ्यांची पांढरी कड दिसते. गॅलरीखालून बँड गेला होता तेव्हाचा आहे तो. धाप होती ती, हसू नव्हतं. ‘थोडी लाजाळू’ हेही खोटंच. लग्नाच्या स्थळात ‘रंग निमगोरा’ लिहितात तसलं.

कोणते पर्याय होते

एकोणीस चौकश्या आल्या. बहुतेक ‘फुकट आहे का’ आणि ‘मेल पपी आहे का’ इथंच संपल्या. चार उरल्या.

पहिलं घर गंगापूर रोडच्या बाजूला, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा-बायको दोघं घरून काम करणारी, मनापासून तयार. सोसायटीच्या चेअरमननी कुरकुर केली. पशुकल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक मी त्यांना दाखवलं, की सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही. ते गप्प बसले. पण नियम आमच्या बाजूनं होता, लिफ्ट आमच्या बाजूनं नव्हती. भिंगरीला दिवसातून चार वेळा अनोळखी माणसांबरोबर त्या डबीत उभं राहावं लागणार होतं. आम्ही नाही म्हटलं.

दुसरं घर दिंडोरीकडची द्राक्षबाग. आठ एकर, मळ्यातलं घर, मालक दिलदार. ग्रुपवर सगळे खूश: ‘पळेल बिचारी!’ मलाही मोह झाला. पण बागेत ऐन मोसमात दिवसभर फवारणीचा ब्लोअर चालतो. घडात साखर भरायला लागली की पाखरं हाकायला फटाके आणि पाइपची बंदूक वाजते. रात्री कुत्रं बाहेर राहणार, राखणीला. आणि आपल्याकडे बिबट्या. उसाच्या आणि बागांच्या पट्ट्यात मळ्यावरचं कुत्रं हे त्याचं सर्वांत सोपं जेवण. मालकानंच सहज सांगितलं, ‘आधीची दोन त्यानंच नेली.’ त्यांच्या बोलण्यात कुठं निष्काळजीपणा नव्हता, तिकडचं रोजचं जगणंच ते आहे. तरी आम्ही नाही म्हटलं.

तिसरं देवळाली कॅम्पमधला जुना बैठा बंगला. काका निवृत्त, काकू घरीच. भोवती पाच फुटी भिंत, आत चिंचेचं झाड, आधी दोन कुत्री म्हातारी होईपर्यंत सांभाळलेली. नातवंडं पुण्याला. आमच्या फॉर्मवरच्या प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण.

चौथ्या होत्या म्हसरूळच्या शोभाताई. दोन खोल्यांचं रो-हाऊस, पुढं आठ बाय दहाची फरशी. त्या घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. मुलगा ओंकार पोलीस भरतीची तयारी करतो. घरात एक म्हातारी गावठी कुत्री, नाव काळी. आमच्या फॉर्मवर ‘मोकळी जागा’: नाही. ‘बायकांची वर्दळ’: हो, दिवसभर. आम्ही त्यांना ‘कळवतो’ असं कळवलं. म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

पहिला निर्णय आणि त्याचं काय झालं

देवळाली ठरली. घर बघायला आम्ही रविवारी गेलो, कारण सुट्टी आम्हाला रविवारीच असते. काकूंनी चहा दिला, काकांनी भिंतीची उंची टेप लावून दाखवली. दुपारभर चिंचेखाली एक पान हललं नाही. इतकं शांत घर नाशकात उरलंय याचंच आम्हाला कौतुक वाटलं.

देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. सरावाच्या दिवशी तोफांचा आवाज कॅम्पात, भगूरपर्यंत जातो, खिडक्यांच्या काचा झणझणतात. नाशिककर असून हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. काका-काकूंना चाळीस वर्षांत त्या आवाजाची इतकी सवय झालेली, की त्यांनाही सांगावंसं वाटलं नाही. त्यांनी लपवलं असं नाही. आपल्या घरातला पंखा आपल्याला ऐकू येतो का?

शनिवारी तिला सोडून आलो. मंगळवारी सकाळी साडेनऊला काकूंचा फोन आला. त्यांना बोलताच येत नव्हतं. पहिल्या आवाजाला ती भिंतीकडे धावली, दुसऱ्याला चिंचेच्या बुंध्यावर पाय देऊन भिंतीवरून पलीकडे गेली.

तीन दिवस

हा भाग सविस्तर लिहिते, कारण इथं दुसऱ्याच्या कामी येईल असं काही आहे.

पहिल्या दिवशी आम्ही सगळं चुकीचं केलं. सहा जण दोन दुचाक्यांवर ‘भिंगरी, भिंगरी’ ओरडत फिरलो. दुपारी ती एका उसाच्या कडेला दिसली. मीनल धावली, ती उसात शिरली. घाबरून पळालेल्या कुत्र्याला हाक हीसुद्धा धमकीच वाटते. त्या अवस्थेत मालकालाही ते ओळखत नाही, मग पाच महिन्यांच्या ओळखीच्या मला कुठून ओळखणार?

दारणेच्या काठचा तो पट्टा. 2020 साली याच नदीकाठच्या गावांत बिबट्यानं माणसं मारली होती. पहिल्या रात्री मी झोपले नाही, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फोनवर झापलं आणि आम्ही पद्धत बदलली. शोधणं बंद, हाका बंद. गावातल्या पोरांना सांगितलं, दिसली तर फोन करा, मागं लागू नका. ती दिसली होती त्या बांधावर तिचं माझ्या घरचं न धुतलेलं गोणपाट अंथरलं, शिजवलेल्या कोंबडीचं पाणी बांधावर ओळीत शिंपडलं, वाटी ठेवून निघून आलो. सकाळी वाटी रिकामी. कोल्ह्यानं खाल्लं की तिनं, कळायला मार्ग नाही, पण गोणपाट चुरगळलेलं होतं आणि त्यावर आखूड तांबूस केस होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी बंड्याला घेऊन गेले. बांधावर उसाकडे पाठ करून बसले. बंड्याचा लांब पट्टा पायाखाली. मोबाइल बंद. बंड्यानं जांभई दिली, गोणपाट हुंगलं आणि नेहमीप्रमाणे आडवा होऊन घोरायला लागला. अर्ध्या तासानं मागं पाचट वाजलं. मी मान वळवली नाही. मग बंड्याची शेपटी झोपेतच दोनदा आपटली. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं: ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसत होती. चिखलानं काळी झालेली, एका पंज्याचं नख उपटलेलं. मी हात खाली ठेवूनच कोंबडीचा तुकडा सरकवला, मग दुसरा, मग तिसरा माझ्या गुडघ्याशी. हार्नेसमध्ये बोट अडकवायला चाळीस मिनिटं लागली.

काकूंनी ‘पुन्हा द्या, आम्ही भिंत वाढवतो’ असं म्हटलं. त्यांना नाही म्हणणं या सगळ्यात सर्वांत अवघड गेलं. भिंत सात फुटी झाली असती. तोफ तिथंच राहिली असती.

पुन्हा मांडणी

घरी आल्यावर डॉक्टरांनी एक साधं काम दिलं: आठ दिवस ती किती तास झोपते ते लिहा. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतं. भिंगरी आठच्या आत होती. बाकी वेळ येरझाऱ्या, गिरक्या, दाराशी कान.

आम्ही तिला ‘अंगात रग आहे’ म्हणत होतो आणि रग जिरवायला रोज तासभर चेंडू फेकत होतो. ती दमायची, पण शांत व्हायची नाही, उलट संध्याकाळी जास्त उसळायची. तिची निम्मी धावपळ रग नव्हतीच, ती भीती होती. फरक बघायला शिकलो तर दिसतो: मजेत धावणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं, वळणावर घसरतं, मध्येच थांबून काहीतरी हुंगतं. घाबरून धावणारं ताठ असतं, एकाच रेषेत जातं-येतं, तोंड घट्ट मिटलेलं किंवा खूप धापा.

चेंडू बंद केला. त्याऐवजी गोणपाटाच्या घड्यांत नाचणीच्या भाकरीचे तुकडे लपवून देणं, सकाळी ठरलेल्या एकाच रस्त्यावर, तिच्या नाकाच्या मर्जीनं, रेंगाळत चालणं. दुपारी खोली अंधारी. जानेवारीच्या मध्यापर्यंत झोप अकरा तासांवर आली.

तेव्हा कळलं, आमचा फॉर्मच उलटा होता. आम्ही जागा मागत होतो. तिला हवा होता दिवस, कालच्यासारखाच आज असणारा. आणि पाठ टेकायला एक कुत्रं. मीनल म्हणाली, ‘अगं, ही तर म्हसरूळ आहे.’

दुसरं घर

या वेळी घर एकदा बघितलं नाही, चारदा बघितलं: कामाच्या दिवशी सकाळी, दुपारी, रात्री आणि एकदा न सांगता. शेवटच्या खेपेला शोभाताई हसल्या, ‘बघा हो, झडती घ्या.’ तिथले आवाज कागदावर लिहिले: मशीन, गॅस, मंदिराचा स्पीकर, शेजारची मोटार. तोफ नाही. ढोल आहे, पण दोन गल्ल्या सोडून.

बायकांच्या वर्दळीची भीती होती. पण ती वर्दळ पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबते. बायका माप देतात, निघतात. कुत्र्याला हात लावायला कुणाला वेळ नाही. घाबरट कुत्र्यासाठी यापेक्षा चांगला पाहुणा नसतो. आमच्यासारखी प्राणिप्रेमी माणसंच जास्त त्रास देतात, खाली वाकून ‘अले अले’ करत.

ओंकार रोज पहाटे पाटाच्या रस्त्यानं पळतो. भरतीला सोळाशे मीटर असतं, तो त्याच्या दुप्पट पळतो. मी विचारलं, ‘तो भरती झाला तर?’ हा प्रश्न विचारताना मला अपराधी वाटलं, जणू मी त्याचं वाईट चिंतत होते. शोभाताईंनी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि म्हणाल्या, ‘मग मी नेईन. पळणार नाही, चालेन. तिला काय पोलीस व्हायचंय?’

जाहिरातीतली भाषाही बदलली. त्यांना एक कागद दिला: ही अनोळखी आवाजाला पळते. ही दाढीवाल्यांना घाबरते. घाबरली तर मुतते. भिंत चढते. पहिले तीन महिने दोन पट्टे, एक हार्नेसला, एक गळ्याला. दार उघडताना आधी कुत्री आतल्या खोलीत. शोभाताईंनी तो मशीनच्या वरच्या भिंतीवर चिकटवला, गिऱ्हाइकांच्या मापांच्या शेजारी.

फेब्रुवारीत आधी बंड्या आणि भिंगरी दोघांना नेऊन काळीशी पाटाच्या कडेला भेट घडवली, तीन वेळा, मग घरात. संक्रांत मुद्दाम टाळली, त्या दिवसांत गच्च्यांवर स्पीकर आणि वाटेत मांजा. पहिले दोन महिने कागदोपत्री दत्तक नव्हतंच, चाचणी होती. कधीही परत घेऊ, कारण विचारणार नाही, असं लिहून दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

घर बघायला रविवारी जाणार नाही, आणि शेजारच्या दुकानदाराला विचारल्याशिवाय परतणार नाही. घरातल्यांना न ऐकू येणारे आवाज शेजाऱ्याकडून कळतात असंही नाही, पण विचारलं की निदान आपल्याला आठवतं.

देवळालीला तिला एकदम सोडून यायला नको होतं. तीन भेटी झाल्या असत्या तर त्यातली एक तोफेच्या दिवशी पडलीच असती.

‘थोडी लाजाळू’ पुन्हा लिहिणार नाही. खरं लिहिलं की चौकश्या कमी येतात, हे खरं आहे. आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून वाद आहे. एकाचं म्हणणं, आधी माणूस येऊ दे, मग सांगू. मला ते पटत नाही, पण त्याची दत्तकं माझ्यापेक्षा जास्त होतात, हेही मान्य करते.

आणि झोपेची नोंद जूनमध्येच सुरू करता आली असती. वही आणि पेन, बाकी काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून ठरवता आलेली नाही. शोभाताईंचा अर्ज आम्ही बाजूला ठेवला तो फॉर्ममुळे, की दोन खोल्यांच्या घराकडे बघण्याच्या आमच्या नजरेमुळे?

सध्या

भिंगरी शोभाताईंकडे आहे. पहिल्या महिन्यात ती दोनदा पलंगाखालून बाहेर आली नाही, एकदा शिवायला आलेल्या पैठणीच्या ब्लाउजपीसची बाही खाल्ली. शोभाताईंनी गिऱ्हाइकाला नवीन पीस आणून दिला आणि आम्हाला चार महिन्यांनी सांगितलं. दाढीवाल्यांना ती अजून घाबरते. छत्रीला नाही.

ओंकार भरती झाला आणि ट्रेनिंगला दुसऱ्या जिल्ह्यात गेला. आता सकाळी शोभाताई, काळी आणि भिंगरी पाटापर्यंत चालत जातात. अर्धा तास जायला, अर्धा यायला, समोर चांभार लेणीचा डोंगर. धावणं सुटलं म्हणून काही बिघडलं नाही. झोप तेरा तास.

तिची जागा मशीनच्या खाली, शोभाताईंच्या डाव्या पायाशी. गेल्या लक्ष्मीपूजनाला आम्ही रात्री नऊला फोन केला, गोळी दिली का विचारायला. पलीकडे फटाके ऐकू येत होते आणि त्यांच्यावर मशीनचा एकसुरी आवाज. एवढ्या रात्री, तेही दिवाळीचं, कसलं शिवण चाललंय, म्हणून विचारलं.

‘काम नाही काही,’ त्या म्हणाल्या. ‘हे चालू असलं की झोपते ती. मघापासून चिंधीच शिवतेय.’